पाणी ओतणारी

लग्न होऊन चामोर्शीला आले तेव्हा शिवणकाम माहेरून शिकून आले होते. दुसरं काम इथे आल्यावर सासूने शिकवलं. आमच्या मोहल्ल्यात कुणी बाई वारली की तिला आंघोळ घालायला अम्मांना, म्हणजे माझ्या सासूला, बोलावणं यायचं. गुसल म्हणतात त्याला. त्यांची कंबर धरायला लागली तशा अम्मा मला सोबत नेऊ लागल्या, आधी पाणी ओतायला, मग धुवायला. मला कुणी विचारलं नव्हतं. "चाल, तुह्या हाताले कापडाची सवय आहे, कफन तरी सरळ फाडशील," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. घरात आम्ही हिंदी बोलायचो, पण ती चामोर्शीची हिंदी, निम्मी झाडीबोली, इकडची मराठी. आणि अम्मा एकदा रागावल्या की पूर्णच मराठीत यायच्या.

काम अवघड नाही, पण त्याला रीत आहे. अंगावरची चादर काढायची नाही. हाताला कापडाची पिशवी बांधायची आणि चादरीखालून धुवायचं, उजवी बाजू आधी, मग डावी. पाण्यात बोरीचा पाला उकळायचा, शेवटच्या पाण्यात कापूर. धुणाऱ्या बाईचे दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून पाणी ओतायला दुसरी लागते. आणि अंगावर जे दिसेल ते तिथेच सोडून यायचं. कुणाच्या पाठीवर वळ होते, कुणाच्या पोटावर काय होतं, हे बाहेर बोलायचं नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. ही शेवटची गोष्ट अम्मांनी मला सगळ्यात आधी शिकवली.

या कामाचा कंटाळा येत नाही असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेते, विश्वास ठेवत नाही. गिऱ्हाईक ब्लाउजसाठी दारात उभं असताना उठून जावं लागतं. परत आल्यावर दिवसभर कापराचा वास हाताला राहतो आणि जेवण उतरत नाही. पण बोलावणं आलं की नाही म्हणायचं नसतं, असं घरात ठरलेलं होतं. ते कुणी ठरवलं माहीत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत गाद्या भरणारी एक बाई राहायची. तिचा नवरा पिंजारी होता. तो गेल्यावर कापूस पिंजून गाद्या भरायचं काम तिनेच चालवलं. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिची एकुलती मुलगी चंद्रपूरकडे दिलेली, कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता त्याला. तो आजारी पडून वारला आणि वर्षाच्या आत सासरच्यांनी मुलीला आईकडे आणून सोडलं. तिलाही तोच आजार होता. तेव्हा आमच्याकडे एड्स हा शब्द रंगवलेल्या भिंतीवर असायचा, तोंडात नसायचा. बाया "बडी बिमारी" म्हणायच्या आणि पदर नाकाला लावायच्या.

ती मुलगी माझ्याकडे कुर्ते आवळून घ्यायला यायची. आधी बगलेत थोडं, मग कमरेत, मग पुन्हा बगलेत. एकदा मी वैतागून म्हटलं, "किती वेळा उसवू? नवा शिवून घे."

"नवा घालणार कोण आपा?" ती म्हणाली. मग मशीनजवळच्या स्टुलावर बसली. दम लागला होता. "एक विचारू? माझा गुसल तुम्ही घालाल?"

मी तोंडात धरलेली टाचणी काढून कुर्त्यात खोचली.

"ह्यांच्या अंगावर दुरून पाइपाने पाणी मारलं होतं," ती म्हणाली. "ट्रक धुतात तसं. मी दारातून पाहत होती. मला पाइप नको. हातानं घाला. सगळ्यांना घालता तसं."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नका आपा. हो म्हणा नाही तर नाही म्हणा. नाही म्हटलं तर अम्मीला दुसरं कोणी पाहायला सांगते."

दुसरं कोणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. मी हो म्हटलं. त्यात मोठेपणा नव्हता. तिचा कुर्ता माझ्या हातात होता आणि ती समोर बसली होती, अशा वेळी नाही म्हणायला वेगळा स्वभाव लागतो.

ती गेल्यावर मात्र भीती वाटली. मी आमच्या शेजारच्या बाईकडे गेले. ती सरकारी दवाखान्यात आया होती. बौद्ध घरातली, माझ्यापेक्षा वयाने थोडी मोठी, बोलायला फटकळ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझे हात ओढून उताणे केले.

"हे बोटं आहेत का चाळणी?"

शिवणाऱ्या बाईच्या बोटांना सुईच्या खुणा असतातच. हुक, काजं, तुरपाई, सगळं हाताचं काम.

"हातमोजे देतो मी दवाखान्यातले," ती म्हणाली. "दोन-दोन घालजो. भिऊन काही होत नाई, मेलेल्या माणसाचा श्वास लागत नाई तुले. पण रक्त असन तिथी हाताले भोक नको. हे आधी बुजू दे. सुई बंद."

"मार्कंड्याची जत्रा तोंडावर आहे. माझा सीझन आहे हा."

"मंग तिले सांग, जत्रा झाल्यावर मर म्हणा."

मी सुई बंद केली. मशीन चालू ठेवली, पण हुक लावायचे आणि तुरपाई करायची कामं तशीच राहिली. महाशिवरात्रीच्या जत्रेला जाणाऱ्या बायकांचे ब्लाउज खुंटीवर लटकायला लागले, सगळे शिवून तयार आणि एकालाही हुक नाही. माझा नवरा बांगड्यांचं दुकान घेऊन आठवडी बाजार करायचा, त्याचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं ते भाभीचं, म्हणजे माझ्या मोठ्या जावेचं. एक गिऱ्हाईक दारात तिच्याशी भांडून गेलं.

"हुक काऊन नाई लावून राह्यली तू?" भाभीने विचारलं.

मी खरं सांगून टाकलं. खोटं सांगितलं असतं तर रोज नवं शोधावं लागलं असतं.

संध्याकाळपर्यंत घरात बैठक बसली. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, मशिदीच्या कमिटीत होते. माणूस वाईट नाही. मोहल्ल्यात कुणाकडे लग्न असो की मय्यत, मांडवापासून पाण्यापर्यंत सगळा बंदोबस्त त्यांचाच असायचा. त्यांना बंदोबस्ताबाहेरची गोष्ट आवडत नसे, एवढंच.

"तुम्ही हात लावाल, मग तुमच्या हातचं खाईल कोण?" ते मला म्हणाले. "ब्लाउज शिवायला कोण येईल? उद्या आपल्याच घरात मय्यत झाली तर तुम्हाला हात लावू देतील बाया?"

"मग काय करायचं? पाइप?" मी विचारलं.

"नाही म्हणायचं. सोपं आहे."

"तिले हो म्हटलं तवा आम्हाले विचारलं?" भाभी म्हणाली. "सवाब एकटीले पायजे, बदनामी वाटून घ्यायची."

अम्मा कोपऱ्यात तस्बीह ओढत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीच तर शिकवलं होतं. त्या मणी सरकवत म्हणाल्या, "माह्याकडे नको पाहू. मी नाई येत. मले तांब्या उचलत नाई आता."

दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी एका म्हातारीला पाणी ओतलं होतं, तेव्हा तांब्या उचलला होता. मी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनाही आठवत होतं, कारण त्यांनी मणी परत पहिल्यापासून मोजायला घेतले.

ती मुलगी एका थंड सकाळी गेली. मी पोचले तेव्हा खालाच्या अंगणात कापसाचे गठ्ठे एका बाजूला सरकवून आंघोळीचा तख्ता मांडलेला होता, चहूबाजूंनी चादरींचा आडोसा बांधला होता. बंदोबस्त जेठांचाच. बाया गल्लीत उभ्या होत्या, अंगणात कुणी नव्हतं. पुरुष मशिदीजवळ. मौलाना नवे होते, बाहेरगावचे, तरुण. त्यांना लोकांनी आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलं ते असं: कुणीच तयार नसेल आणि धोका असेल तर मातीवर हात मारून तयम्मुम करा, चालेल. पण एक जरी बाई आंघोळ घालायला तयार असेल तर आंघोळच घालावी लागेल, तो फर्ज आहे.

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मी एकदा नाही म्हटलं असतं तर सगळा मोहल्ला सुटला असता. कुणाला वाईट ठरावं लागलं नसतं, मातीचे दोन हात फिरवून जनाजा निघाला असता. सगळे त्या एका शब्दाची वाट पाहत होते, आणि अगदी प्रेमाने पाहत होते. एक म्हातारी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीसुद्धा, "बेटी, अल्लाह को सब मालूम है. तयम्मुमही कुबूल होईल."

"होईल," मी म्हटलं. "पण मी तयार आहे."

म्हातारीने हात काढून घेतला.

मी आडोशात गेले आणि पाण्याचे गंज, ती मोठी पातेली, पाहिले. चुलीवर तापलेलं पाणी पांढरं झालं होतं, दुधासारखं. बोरीची पानं वर तरंगत होती आणि सगळ्या अंगणात फिनाइलचा वास. कुणीतरी अख्खी बाटली ओतली होती. वाईट हेतूने नाही. माझ्यासाठीच, मला काही होऊ नये म्हणून. बंदोबस्त.

मी चादर बाजूला करून बाहेर आले. जेठ गल्लीच्या तोंडाशी होते.

"पाण्यात फिनाइल कुणी टाकलं?"

"मी सांगितलं टाकायला," ते म्हणाले. "सगळ्यांच्या भल्यासाठी."

"ही बाई आहे भाईजान. मोरी नाही."

जेठांना मी कधी असं उलटून बोलले नव्हते. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कबर खोदून झाली आहे. दुसरं पाणी तापेपर्यंत किती वेळ जाईल, माहीत आहे?"

"माहीत आहे. थांबा."

मी दोन्ही गंज नालीत ओतले. हातपंपावर बाया होत्या, त्या बाजूला झाल्या. वाट द्यायला झाल्या की माझ्यापासून दूर व्हायला, ते बघायला मला वेळ नव्हता. एक-एक बादली आणून गंज राखेने घासले, भरले, चूल पुन्हा पेटवली. लाकडं ओली होती. कमरेतून कळ निघत होती आणि मनात फक्त राग होता, तोही धड कुणावर नव्हता. अशा कामात मन शांत होतं म्हणतात. माझं झालं नाही. देवाने ही वेळ माझ्यावर का आणली असावी, असा विचार आला, आणि त्याचं उत्तर शोधण्यापेक्षा फुंकणीने जाळ करणं जास्त गरजेचं होतं.

पाणी तापलं. मी मोजे चढवले, एकावर एक. आता ओतणारी हवी होती. मी गल्लीत उभ्या बायांकडे पाहिलं. "कुणीतरी या. दुरूनच ओतायचं आहे. शिवायचं नाही." भाभी घशात धूळ गेल्यासारखी खोकली. बाकीच्या खाली बघत राहिल्या. शेजारची आया ड्युटीवर गेली होती.

तेव्हा खाला उठली. ती आतापर्यंत कापसाच्या गठ्ठ्याला टेकून बसली होती, रडून झालेली. आईला पाणी ओतायला लावत नाहीत आमच्याकडे. रडणाऱ्या बाईचा हात हलतो, धार तुटते.

"खाला, तुम्ही नको," मी म्हटलं.

"माहा हात नाई हलत," ती म्हणाली. "गाद्या भरतो मी. धागा एकसारखा ओढा लागतो. तू धू."

तिने तांब्या घेतला. खरंच तिचा हात हलला नाही. मी चादरीखालून धूत गेले, उजवीकडून, मग डावीकडून, आणि पाणी बरोबर माझ्या हाताच्या पुढे पडत गेलं, मला सांगावं लागलं नाही. केस धुवायची वेळ आली तेव्हा धार थांबली. मी वर पाहिलं. तिचे ओठ हलत होते, काही पढत होती की मुलीशी बोलत होती, कळलं नाही.

"ओता खाला. पाणी गार होतं."

तिने ओतलं. केसांचे दोन भाग करून मी छातीवर घेतले, ओढणी बांधली, कफनाचे पदर एकावर एक आणले. सगळ्यांना घालते तसं. कमी नाही, जास्त नाही. सूर्य कलायच्या आत जनाजा उठला. पुरुषांनी उठवला, जेठ पुढे होते. ते खांदा द्यायला चुकले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

भीती गेली होती का, असं मला नंतर एकीने विचारलं. नव्हती गेली. आयाने सांगितलं होतं तसं ब्लीचिंगने सगळं धुतलं, मोजे जाळले, घरी येऊन आंघोळ केली, आणि तरी बरेच दिवस बोटं उजेडात धरून बघत होते. मौलाना म्हणतात की काम देणारा ताकदही देतो. मला वेगळी ताकद मिळाल्याचं काही जाणवलं नाही. आधीची होती तीच वापरली गेली, आणि ती संपली तेव्हा काम संपलेलं होतं. एवढा हिशेब जर त्याने ठेवला असेल तर तो बरोबर ठेवला.

जेठ म्हणाले होते ते खरं झालं. बाया येऊन आपापले ब्लाउज घेऊन गेल्या, हुक न लावलेले. एकीने तर कापडसुद्धा परत नेलं, आणि ते अजून कापलेलंही नव्हतं. मार्कंड्याची जत्रा आली आणि गेली, माझी मशीन झाकलेली राहिली. घरात माझा कप वेगळा झाला. भाभीने तो खिडकीत ठेवला आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. एकदा तीच जवळ येऊन बसली.

"सांग नं. अंगावर फोड होते काय तिच्या?"

मी भाजी निवडत राहिले.

"माह्याजवळ बोलाले काय होते? मी का कोणाले सांगतो?"

"मग तुला ऐकून काय करायचं?"

मी सांगितलं असतं की काही नव्हतं, तर बाया परत आल्या असत्या. काही होतं असं सांगितलं असतं, तर निदान माझ्याशेजारी बसून त्यांनी ऐकलं तरी असतं. मी दोन्ही केलं नाही. त्याला धीर म्हणू नये. तसं शिकवलेलं होतं आणि शिकलेलं मोडायला मला जमलं नाही.

गुसलची बोलावणी बंद झाली. कुणी वारलं की गडचिरोलीहून एक बाई आणायचे. मला खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. अम्मांना मी म्हटलं, "सुटले."

"सुटली?" त्या म्हणाल्या. "मरणं बंद झाले का? येईन बोलावणं. तुले नको असन तवाच येईन."

ते आलं पावसाळ्यात. वैनगंगेच्या पात्रातून एका बाईला काढलं होतं. जवळच्या खेड्यातल्या आमच्याच समाजातल्या घरची, पण पाण्यात राहिलेलं अंग. गडचिरोलीच्या बाईने दारातूनच परत जायचं ठरवलं. जेठ घरी आले. मला सरळ सांगायची त्यांना अडचण होती, म्हणून ते अम्मांना म्हणाले, "कुणी तयार असेल तर पाहा." मी जेवायला बसणार होते. ताट झाकून ठेवलं. मनात आलं, हे असलंच काम आता माझ्या वाट्याला राहणार, जे बाकीच्यांना नको ते. आणि त्याला नाही म्हणायचं कारण शोधत मी मोजे शोधले.

ओतणारी कोण, हा प्रश्न होताच. मी चप्पल घालून बाहेर पडले तर खाला ओट्याजवळ उभी. तिला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. तिच्या कपड्यांना कापूस चिकटलेला होता.

"तुम्ही कशाला आलात?" मी म्हटलं.

"दुसरी कोनी आहे काय तुह्याकडे?"

"नाही."

"मंग चाल."

तेव्हापासून आम्ही दोघी आहोत. जळलेल्या, बुडालेल्या, बेवारस, आणि पुढे तोच आजार झालेल्या आणखी काही. हळूहळू साध्या घरांतूनही बोलावणी यायला लागली, ब्लाउजही आले, कप खिडकीतून कधी फळीवर आला ते लक्षात नाही. पण खालाने ओतायचं सोडलं नाही. मी तिला अनेकदा सांगितलं की आता दुसऱ्या बाया मिळतात, तुम्ही घरी थांबा. ती ऐकत नाही. तिचं म्हणणं, तिच्या मुलीच्या वेळी ओतणारीची जागा रिकामी होती, ती तिला आता कुणाच्याच वेळी रिकामी ठेवायची नाही. हे ती एकदाच बोलली, परत नाही.

परवा एका घरून निघालो तेव्हा दोघींनाही उठता येईना. तिचा गुडघा, माझी कंबर. घरातले सगळे कबरस्तानाकडे गेले होते, आम्हाला चहा विचारायचं राहून गेलं होतं. ओट्यावर बसून ती मला म्हणाली, "तू हळू धुतेस आता. मले तांब्या धरून उभं राहा लागते."

"मग तुम्ही बसून ओता," मी म्हटलं.

"बसून धार बरोबर नाई पडत," ती म्हणाली, आणि माझा हात धरून उठली.